थांबता येणे ही माणसाची देणगी





आज एका साध्या वाटणाऱ्या प्रश्नावर आपण मिळून चिंतन करू या. माणसाच्या मेंदूत असे काय आहे, जे इतर प्राण्यांच्या मेंदूत नाही? बहुतेक जण चटकन सांगतील, "माणसाला बुद्धी आहे, प्राण्यांना नाही." आपण लहानपणापासून हेच ऐकत आलो आहोत. पण हे उत्तर पुरेसे आहे का? आणि ते खरे असेल, तर त्या बुद्धीचे आपण दिवसभर काय करतो?

मोठेपणाचा हिशेब

मी वाणिज्य शाखेत एम.कॉम. करते, त्यामुळे आकड्यांपासून सुरुवात करायची सवय आहे. माणसाच्या मेंदूचे वजन साधारण 1.3 ते 1.4 किलो असते. हत्तीचा मेंदू पाच किलोच्या आसपास भरतो, आणि स्पर्म व्हेल या महाकाय देवमाशाचा सुमारे आठ किलो. वजनावर निकाल लावायचा तर आपला क्रमांक खूप खाली जाईल. शरीराच्या प्रमाणात मोजावे म्हटले, तर काही अगदी लहान प्राण्यांचे प्रमाण आपल्यापेक्षा जास्त निघते.

मग पेशी मोजू या. ब्राझीलच्या शास्त्रज्ञ सुझाना हर्क्युलानो-हौझेल यांनी मेंदूतील चेतापेशी मोजण्याची एक नवी पद्धत शोधली. त्यांच्या मोजणीनुसार माणसाच्या मेंदूत सुमारे 86 अब्ज, म्हणजे 8,600 कोटी चेतापेशी असतात. आफ्रिकी हत्तीच्या मेंदूत त्या सुमारे 257 अब्ज भरल्या! मात्र हत्तीच्या बहुतेक पेशी हालचालींचा तोल सांभाळणाऱ्या लहान मेंदूत असतात. विचार, नियोजन, भाषा ही कामे जिथे चालतात, त्या मेंदूच्या बाहेरच्या थरात हत्तीच्या साडेपाच अब्जांच्या आसपास पेशी आहेत, तर माणसाच्या सुमारे 16 अब्ज. इथे आपण पुढे आहोत. पण पायलट व्हेल नावाच्या सागरी प्राण्याच्या याच थरात माणसापेक्षाही जास्त पेशी आढळल्या आहेत. म्हणजे निव्वळ संख्येनेही प्रश्न सुटत नाही.

हुशारीचे म्हणाल, तर 1960 मध्ये जेन गुडॉल यांनी टांझानियातील गोम्बेच्या जंगलात चिंपांझींना काडी वारुळात घालून वाळवी बाहेर काढताना पाहिले. तोपर्यंत अवजार वापरणे ही केवळ माणसाची खूण समजली जात असे. 2007 मध्ये जपानमधील आयुमू नावाच्या तरुण चिंपांझीने तर कमाल केली. पडद्यावर क्षणभर चमकून गेलेले आकडे लक्षात ठेवण्यात त्याने विद्यापीठातील विद्यार्थ्यांना मागे टाकले. आपल्या छत्तीसगडचा राज्यपक्षी, बस्तरची पहाडी मैना, माणसाच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करते. तिला शिकवले तर ती रामनामही घेईल.

इथे थोडे थांबू. मैनेचे रामनाम आणि आपले रामनाम यात फरक काय? आवाजात कदाचित काहीच नाही. फरक असेल तर तो म्हणणाऱ्याच्या आत आहे. आणि आपण माळ ओढत मनात भाजीचा हिशेब करत असू, तर तो फरकही उरत नाही.

मधमाशी आणि बैलगाडीतला मुलगा

आत काय घडते, हे समजायला आपल्या रायपूरशी जोडलेला एक प्रसंग पाहू. 1877 मध्ये चौदा वर्षांचे नरेंद्रनाथ दत्त, म्हणजे पुढचे स्वामी विवेकानंद, आई आणि भावंडांसह वडिलांकडे रायपूरला यायला निघाले. रेल्वे तेव्हा इथवर आलेली नव्हती. शेवटचा मोठा टप्पा बैलगाडीचा होता आणि वाट घनदाट जंगलातून जात होती. वाटेत एका डोंगराच्या कपारीत त्यांना मधमाश्यांचे प्रचंड मोठे पोळे दिसले. चरित्रकार सांगतात की, माश्यांच्या त्या राज्याच्या आरंभाचा आणि अंताचा विचार करता करता त्यांचे मन ईश्वराच्या अनंत शक्तीत बुडून गेले आणि काही काळ त्यांना बाहेरचे भानच उरले नाही.

मधमाशीच्या मेंदूत सुमारे दहा लाख चेतापेशी असतात. मेंदू तिळाएवढा, पण त्याच्या बळावर ती षटकोनी घरे बांधते, नाचून फुलांचा पत्ता सांगते, कोसभर फिरून नेमकी घरी येते. त्या पोळ्याशेजारून किती प्राणी गेले असतील! अस्वलाने त्यात मध पाहिला असेल, पाखराने अळ्या पाहिल्या असतील. तो मुलगा मात्र त्यातून काहीही न घेता थांबला आणि त्याने विचारले, हे कुठून आले?

माणसाच्या मेंदूचे वेगळेपण मला इथे दिसते. समोर आलेल्या गोष्टीकडे खाणे, पळणे, झडप घालणे यांपैकी काहीही न करता तो तिच्यापुढे थांबू शकतो. कुतूहल इतर प्राण्यांतही असते, पण जे समोर नाही त्याच्याविषयी, आधीचे, नंतरचे, यामागचे, अशी विचारणा करणारा मेंदू आपल्याला मिळाला आहे. रायपूरला आलात तर बुढा तलाव अवश्य पाहा. आज त्याला विवेकानंद सरोवर म्हणतात. त्याच भागात, बुढापाऱ्यात, ते कुटुंब राहत होते.

मोठ्या खर्चाचे भांडवल

ही शक्ती फुकट मिळालेली नाही. मेंदूचे वजन शरीराच्या जेमतेम दोन टक्के, पण आपण विश्रांती घेत असतानाही शरीराच्या ऊर्जेपैकी सुमारे वीस टक्के तो एकटा खातो. एखाद्या दुकानात पन्नासांतला एक नोकर पगाराचा पाचवा हिस्सा घेऊन जात असेल, तर मालक नक्की विचारेल, "हा करतो तरी काय?" आपणही हा प्रश्न स्वतःला विचारायला हवा. एवढ्या महागड्या साधनाकडून आपण दिवसभर कोणते काम करून घेतो? दोन-दोन तास मोबाइलवर बोट सरकवण्याचे?

दुसरी किंमत काळाची. हरणाचे पाडस जन्मल्यावर थोड्याच वेळात उभे राहते. माणसाचे मूल वर्षभर धड चालत नाही. जन्मतः त्याचा मेंदू मोठेपणीच्या मेंदूच्या तिसऱ्या हिश्श्याइतकाही नसतो. बाकीचा मेंदू वाढतो तो घरात, आईच्या कुशीत, आजीच्या गोष्टींत, शाळेत, रस्त्यावर. आपल्याकडे याला संस्कार असा नेमका शब्द आहे. जे पुन्हा पुन्हा घडते, त्याची वाट मेंदूत रुळते. लंडनच्या टॅक्सीचालकांवरील एक अभ्यास 2000 मध्ये प्रसिद्ध झाला. हजारो रस्ते तोंडपाठ करणाऱ्या त्या चालकांच्या मेंदूत, वाटा लक्षात ठेवणाऱ्या केंद्राचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा आढळला. सराव मेंदूला घडवतो. चांगल्याचा सराव घडवतो, तसा वाईटाचाही.

कपाळामागची जागा

सकाळी कपाळाला गंध किंवा कुंकू लावताना बोट जिथे टेकते, त्याच्या मागे मेंदूचा पुढचा भाग आहे. पुढचा विचार करणे, आवेग आवरणे, "आत्ता नको" म्हणणे ही कामे मुख्यतः इथे चालतात. माणसात हा भाग खूप विकसित झाला आहे. 1848 मध्ये अमेरिकेत फिनिअस गेज नावाच्या रेल्वे मुकादमाच्या डोक्यातून, सुरुंग ठासताना झालेल्या स्फोटात, लोखंडी पहार आरपार गेली. तो वाचला. चालू-बोलू लागला, स्मरणही राहिले. पण त्याच्या डॉक्टरांनी नोंदवले की, पूर्वीचा समंजस, जबाबदार माणूस आता उतावळा आणि तोंडाळ झाला होता. त्याच्या मेंदूच्या नेमक्या पुढच्या भागाला इजा झाली होती.

आता घरातले उदाहरण घ्या. शिकवलेले कुत्रे भाकरीसमोर बसून वाट पाहते, पण त्याचे डोळे मालकाकडे असतात. परवानगी मिळाली की संपले. आपल्या आजीला एकादशीचा उपवास करायला कोणी सांगितलेले नसते. स्वयंपाकघर भरलेले असते, ती स्वतः सगळ्यांना वाढते, आणि आपल्या संकल्पासाठी स्वतः थांबते. (साबुदाण्याची खिचडी हा वेगळा विषय आहे!) भूक तिलाही लागते. भूक आणि हात यांच्यामध्ये तिने थोडी जागा राखलेली असते. उपवास, मौन, जप, ध्यान ही सर्व साधने ती जागा वाढवण्यासाठी आहेत. आपल्या संतांनी तिला नाव दिले विवेक.

देणगीची दुसरी बाजू

बारनवापाराच्या जंगलात बिबट्या मागे लागला की चितळांचा कळप जिवाच्या आकांताने पळतो. धोका टळला की थोड्या वेळाने तीच चितळे पुन्हा चरू लागतात. आपले तसे नाही. आपला बिबट्या मनात असतो. निकाल पुढच्या महिन्यात, भीती आज. अपमान दहा वर्षांपूर्वीचा, जळजळ आज. जे समोर नाही ते डोळ्यांपुढे आणण्याच्या ज्या शक्तीने ईश्वराचे चिंतन होते, तीच शक्ती मध्यरात्री आपल्याला छळते.

शंकर नगरच्या आमच्या साप्ताहिक सत्संगात एका ताईंनी उभे राहून विचारले, "माझा मुलगा बारावीला आहे. तो उलट बोलतो, मी ओरडते. एकदा हातही उचलला. मग रात्रभर झोप नाही. मग माझ्यात आणि जनावरात फरक काय राहिला?" कोणी घाईने उत्तर दिले नाही. मी त्यांच्याहून वयाने खूप लहान आहे, तरी मला जे वाटते ते नम्रपणे मांडते.

ताई, पहिली गोष्ट मुलाविषयी. कपाळामागचा तो भाग सर्वांत शेवटी पक्व होतो, साधारण पंचविशीपर्यंत. म्हणजे तुमच्या मुलाचा तर नाहीच, माझाही नुकताच कुठे पक्व होत असेल. त्या वयात भावनेचा वेग पूर्ण असतो आणि लगाम अजून घडतो आहे. तोवर त्याला घरातल्या मोठ्यांचा लगाम उसना घ्यावा लागतो. तो ओरडेल तेव्हा तुम्ही शांत राहिलात, तर त्या क्षणी त्याच्या वाट्याचे थांबणे तुम्ही थांबता, आणि ते पाहत पाहत तो शिकतो. निकालाच्या दिवसांत तर हे फार मोलाचे आहे. गुण कमी आले, तरी घरात आपली जागा तीच आहे, हे मुलाला निकालाच्या आधी कळलेले असू द्या.

दुसरी गोष्ट तुमच्याविषयी. ज्या मेंदूला चूक रात्रभर टोचते, तोच सकाळी वेगळे वागू शकतो. टोचणी लागणे म्हणजे विवेक जागा असणे. फक्त तो उशिरा येतो आहे. साधनेचे काम एवढेच, की तो थोडा लवकर यावा. आज रात्री आला, उद्या संध्याकाळी येईल, आणि एक दिवस हात उचलण्याच्या आधी येईल.

राग येतो, म्हणून जातोही

प्रवचनांचा इंग्रजीतून मराठी अनुवाद करताना एक गोष्ट माझ्या वारंवार लक्षात येते. इंग्रजी माणूस म्हणतो, 'आय ॲम अँग्री'. शब्दशः पाहिले तर मी आणि राग एकच. मराठीत आपण म्हणतो, मला राग आला. भीती वाटते, झोप लागते, आठवण येते. आपल्या भाषेत राग हा बाहेरून आलेला पाहुणा आहे आणि मी घरमालक. पाहुणा येतो तसा जातो. त्याला घराच्या किल्ल्या द्यायच्या की नाही, हे मालक ठरवतो.

आधुनिक संशोधनही याला दुजोरा देते. मेंदूत खोलवर बदामाच्या आकाराचा एक भाग आहे. भीती आणि धोक्याची घंटा तिथे वाजते, आणि तो प्राण्यांतही असतो. मनातल्या भावनेला शब्दांत नाव दिले की या भागाची खळबळ कमी होते आणि कपाळामागचा भाग कामाला लागतो, असे मेंदूच्या चित्रणांत दिसले आहे. म्हणून पुढच्या वेळी मनात स्पष्ट म्हणा, "मला राग आला आहे." एवढ्या तीन-चार शब्दांनीही मधे जागा तयार होते.

मागे वळून पाहणारा माणूस

रायपूरच्या मराठी घरांत माधवराव सप्रे हे नाव आदराने घेतले जाते. मातृभाषा मराठी, पण आयुष्य हिंदीच्या सेवेत गेले. 1900 मध्ये पेंड्रा येथून त्यांनी 'छत्तीसगढ़ मित्र' हे मासिक सुरू केले. पुढे नागपूरहून 'हिंदी केसरी' काढला. 1908 मध्ये राजद्रोहाच्या आरोपाखाली त्यांना अटक झाली. घरच्यांच्या आग्रहामुळे माफी लिहून देऊन ते सुटले, आणि ते शल्य त्यांना आत बोचत राहिले. त्यांनी सार्वजनिक जीवनातून अंग काढून घेतले आणि समर्थ रामदासांच्या दासबोधाचे सखोल अध्ययन केले. त्या मंथनातून दासबोधाचा हिंदी अनुवाद झाला, आणि पुढे लोकमान्य टिळकांच्या गीतारहस्याचाही. मराठीतले हे धन लाखो हिंदी वाचकांपर्यंत पोहोचले ते त्यांच्या हातून. 1926 मध्ये रायपूरलाच त्यांनी देह ठेवला.

दासबोधाच्या पहिल्या दशकातील शेवटचा समास नरदेहाच्या स्तवनाचा आहे. समर्थ तिथे मनुष्यदेहाचे मोठे गुणगान करतात, कारण या देहात राहून मनुष्य स्वतःचे हित साधू शकतो. सप्र्यांचे आयुष्य मला याचे जिवंत उदाहरण वाटते. जखमी वाघ गुहेत जातो आणि जखम चाटतो. हा माणूस आपल्या पश्चात्तापाजवळ बसला आणि त्यातून दुसऱ्यांच्या उपयोगाचे काही घेऊन बाहेर आला. माझ्यासारख्या नवशिक्या अनुवादिकेला त्यांचे स्मरण बळ देते.

दुसऱ्यासाठी थांबणे

एक शेवटचा मुद्दा. माणसाचा मेंदू वेगळा आहे म्हणून आपण प्राण्यांपेक्षा श्रेष्ठ आणि ते आपल्या वापरासाठी, असा अर्थ कोणी काढू नये. आपल्या संतपरंपरेने नेमके उलटे शिकवले. ज्ञानोबांनी पैठणला रेड्याच्या मुखातून वेद वदवले, ही कथा आपण ऐकतो. तिचा आशय हाच की, जे चैतन्य पंडितात आहे तेच रेड्यात आहे. एकनाथ महाराज काशीची गंगा कावडीत घेऊन रामेश्वराला निघाले होते. वाटेत तहानेने तडफडणारे गाढव दिसले आणि त्यांनी ते पाणी त्याच्या तोंडात घातले. सोबत्यांना रामेश्वर अजून दूर दिसत होते, नाथांना तो समोरच भेटला.

करुणेचा अंश प्राण्यांतही आहे. हत्ती आपल्या मृत सोबत्यापाशी रेंगाळतात. पण आपल्या जातीचा नाही, कळपाचा नाही, काही परत देऊ शकत नाही, अशा जिवाची तहान स्वतःच्या घशात जाणवणे, आणि त्यासाठी आपला संकल्प बाजूला ठेवणे, ही माणसाच्या मेंदूची सर्वांत सुंदर शक्यता आहे. आपल्या राज्यात कोरबा, सरगुजा, जशपूर भागांत हत्ती आणि माणूस समोरासमोर येतात, दोन्हीकडे जीव जातात. हत्ती माणसाच्या शेताचा विचार करू शकणार नाही. पण माणूस हत्तीच्या वाटेचा विचार करू शकतो. ज्याला शक्य आहे, जबाबदारी त्याची.

या आठवड्याचा अभ्यास

1. सकाळी गंध किंवा कुंकू लावताना बोट क्षणभर तिथेच ठेवा आणि मनात म्हणा, "आज मी थांबेन."

2. राग, भीती किंवा मोह आला की आधी त्याचे नाव घ्या, मग तीन संथ श्वास, आणि मगच शब्द किंवा कृती. मोबाइल हातात घेण्यापूर्वीही हेच करून पाहा.

3. झोपण्यापूर्वी दिवसाचा ताळेबंद मांडा. आज कुठे थांबलो, कुठे थांबता आले नाही? जमेची बाजू आधी लिहा. नावेच्या बाजूला जे येईल, त्याबद्दल स्वतःला शिव्या देऊ नका. शक्य असेल तर दुसऱ्या दिवशी त्या व्यक्तीशी बोला. आई-वडिलांनी मुलाची माफी मागितली, तर मान कमी होत नाही.

साधकहो, मेंदू हे साधन आहे. ते देणाऱ्याने सढळ हाताने दिले आहे. ते चालवायचे कसे, हे मात्र रोज, प्रत्येक प्रसंगी आपल्यालाच ठरवायचे आहे. आज घरात कोणी आवाज चढवेल, तेव्हा हा लेख आठवला नाही तरी चालेल. एक श्वास आठवला तरी पुरे.

सर्वांचे कल्याण होवो, सर्व जीव सुखी असोत.

आपली विनम्र,
एक अनुवाद सेविका, शंकर नगर, रायपूर